उलटी जोडी

"तू माझ्या उजव्या अंगाला राहा. बाकी मी बघतो."

एवढंच सांगणं होतं. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. तरी रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, बाजारातून पिशव्या घेऊन येताना कोच नकळत सोबतच्या माणसाच्या उजव्या अंगाला जातो. लग्न झालं तेव्हा बायको हसायची. "अहो, तुम्हाला काय कुणी जागा नेमून दिलीय का?" म्हणायची. जागा नेमून दिलेली होती, हे खरंच होतं.

ते वाक्य कुलूपचं. कोच तेव्हा कोच नव्हता, त्याला कडी म्हणायचे. फुटबॉलमध्ये गोलीच्या पुढे आणि बाकी संघाच्या मागे, मधोमध जे दोघे उभे असतात ना, ते हे दोघे. स्टॉपर. पुढचे गोल करतात, लोक त्यांना खांद्यावर घेतात. स्टॉपरचं काम गोल होऊ न देणं. जे घडलंच नाही त्याचं कौतुक कोण करणार? घर सांभाळणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल. या दोघांच्या मधून चेंडू जाईना, तेव्हा क्लबचे कपडे सांभाळणारे काका एकदा म्हणाले, "हे स्टॉपर नाहीत रे, कडीकुलूप आहे." तेव्हापासून थोराड तो कुलूप आणि सडपातळ तो कडी. पुढे पुढे तर त्यांच्या आयाही त्याच नावाने चौकशी करायला लागल्या.

ओळख झाली ती तपासणीच्या खोलीत. क्लबमध्ये घ्यायच्या आधी डॉक्टर सगळं तपासत. कानाची तपासणी अगदी साधी होती. एक कान बोटाने बंद करायचा, डॉक्टर पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात आकडे म्हणत, ते आपण परत म्हणायचे. समोरच्या बाकावर कडी आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्या थोराड मुलाने उजवा कान बंद केला आणि त्याचा चेहराच उतरला. डॉक्टरांचे ओठ हलत होते, मुलाला काही ऐकू येत नव्हतं. त्याने कडीकडे बघितलं. ओळख ना पाळख. कडीने डॉक्टरांचे ओठ वाचले आणि गुडघ्यावर बोटं ठेवली. पाच आणि दोन. "सात," मुलगा म्हणाला. मग तीन. मग नऊ. डॉक्टरांनी कागदावर 'उत्तम' लिहिलं.

बाहेर नळावर पाणी पिताना तो म्हणाला, "लहानपणी ताप आला होता. डावा कान गेला. कुणाला माहीत नाही." तोंड पुसलं आणि ते वाक्य बोलला.

तर झालं असं, की कडी डाव्या पायाचा. त्याने डावीकडे खेळायचं, ही साधी रीत. कुलूप उजव्या पायाचा, त्याची जागा उजवीकडे. पण गोली ओरडतो तो मागून, मधून. कुलूप डावीकडे उभा राहिला तर गोली आणि कडी दोघेही त्याच्या चांगल्या कानाला येतात. म्हणून दोघे उलटे उभे राहिले. प्रत्येक नव्या कोचने कपाळाला आठ्या घातल्या. "अरे, तुम्हाला डावं-उजवं कळतं ना?" दोघे म्हणायचे, "सवय आहे, सर." वर्तमानपत्रात 'उलटी जोडी' असं छापून आलं. गोली एकदा ओरडायचा, कडी तेच दुसऱ्यांदा ओरडायचा. "माझा!" की "माझा म्हणतोय!" "सोड!" की "सोड म्हणतोय!" लोकांना वाटे, या कडीच्या तोंडाला आराम नाही. नऊ वर्षं हे नेमाने चाललं. एकदाही चुकलं नाही.

चुकलं ते एकाच दिवशी.

उपांत्य सामना होता. राष्ट्रीय संघाचे निवडणारे गृहस्थ येऊन बसले होते, आणि त्यांना डावीकडचा स्टॉपर हवा होता. कडी एकतीस वर्षांचा. त्या वयाला ती शेवटची गाडी. सामन्याआधी खोलीत कुलूप बुटाच्या नाड्या बांधत होता. कडी त्याच्याजवळ जाऊन बसला. नीट शब्दही फुटेना.

"आजच्या दिवस मी डावीकडे..."

कुलूपने नाडीची गाठ मारली. वर बघितलं नाही. "जा की. इतका का लाजतोस? मुलगी बघायला आल्यासारखा." मग उठता उठता म्हणाला, "गोलीला तेवढं सांग, आज जरा मोठ्याने ओरड म्हणावं."

"सांगतो," कडी म्हणाला.

आणि विसरला. मुद्दाम नाही, देव जाणतो. बाहेर निवडणारे बसले होते. विसरला.

एकाहत्तराव्या मिनिटाला बाजूने गोलसमोर एक साधा उंच चेंडू, क्रॉस, आला, कुणालाही अडवता येईल असा. गोली पुढे निघाला, "माझा!" म्हणाला. कडीला ऐकू आलं. तोही ओरडला, पण आज तो कुलूपच्या डाव्या अंगाला होता. बारा पावलांवरून, बहिऱ्या कानावर. कुलूपने उडी मारली, डोक्याने चेंडू मागे ढकलला, आणि तो गोलीच्या हातांवरून रिकाम्या जाळीत गेला.

सामना गेला. हंगाम संपल्यावर क्लबने कुलूपला मोकळं केलं. दुसऱ्या कुणी घेतला नाही. भर मैदानात गोलीचं न ऐकणारा स्टॉपर कोण घेणार? एका शब्दाने सगळं उलगडलं असतं. पण तो शब्द सांगितला असता तर तपासणीतली बोटंही उघडी पडली असती, आणि कडीची निवड तर झाली होती. कुलूप व्रत घेतल्यासारखा गप्प राहिला.

कडी देशासाठी अकरा सामने खेळला. बरा खेळला. फक्त एक गंमत व्हायची. चेंडू दूर मारला की त्याची मान आपोआप डावीकडे वळायची. तिकडे पांढरी रेघ असायची आणि रेघेपलीकडे जाहिरातींचे फलक.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. गुडघे गेले, कडी कोच झाला. दुसऱ्या श्रेणीतला क्लब, बेताचा, पण त्याची बचावफळी बघायला दुसऱ्या क्लबचे कोच येतात. पोरांना तो चेंडूआधी एकमेकांकडे बघायला शिकवतो. दोघा स्टॉपरना कमरेला दोरी बांधून अर्धा तास पळवतो, दोरी ताणली की पहिल्यापासून. पोरं वैतागतात. "सर, लग्नातसुद्धा इतकं बांधत नाहीत," म्हणतात. पण आठवड्याभरात बरोबर चालायला लागतात.

आणि दर हंगामाला, एकदा, तो त्यांना त्या गोलाची फीत दाखवतो.

ते सुरू कसं झालं, तेही सांगायला हवं. कोचच्या परीक्षेच्या वर्गात शिक्षकांनी तो गोल लावला, वर्ग हसला. शिक्षक कडीकडे वळले. "तुम्ही तर तिथेच होता. सांगा, काय चुकलं?" चाळीस माणसं बघत होती. कडी म्हणाला, "गोलीने हाक मारली, याने ऐकलं नाही. मैदानावर कान उघडे ठेवावेत." शिक्षक म्हणाले, वा. एकदा तोंडातून गेलेलं वाक्य मग पायवाटेसारखं मळत गेलं. चौदा वर्षं तो तेच म्हणतोय. चेंडू जाळीत गेला की बोट उचलायचं, फीत थांबवायची, वाक्य म्हणायचं.

या सोमवारी फीत लावायला चष्मा बसला होता. चष्मा म्हणजे त्यांचा डावीकडचा स्टॉपर. मैदानावर डोळ्यांत भिंगं घालतो, एरवी जाड काचा. अभ्यासू पोरगा. भिंतीवर चित्र पडलं, क्रॉस आला, चेंडू जाळीत गेला. कडीने बोट उचललं. पण चष्म्याचं लक्ष भिंतीकडे होतं. फीत दोन सेकंद पुढे गेली.

भिंतीवर तरुण कुलूप उभा होता. चेंडूकडे नाही, गोलीकडे नाही, तो उजवीकडे बघत होता. मान वळवून, भुवया वर करून, वाक्य अर्धं राहिल्यासारखं.

"थांबव," कडी म्हणाला.

चष्म्याने थांबवलं, पण चित्र तिथेच राहिलं. "सर, एक विचारू?"

"याला घरी काही काम नाही, सर," मागून कुणीतरी म्हणालं. "जुन्या मॅच बघत बसतो. आमच्या आजोबांपेक्षा याला जास्त आठवतं."

"विचार."

"तुमच्या दोघांच्या सापडल्या तेवढ्या सगळ्या मॅच मी बघितल्या. तुम्ही डाव्या पायाचे, ते उजव्या. सगळीकडे उलटे उभे आहात. सुलटे उभे आहात ते फक्त या मॅचमध्ये. आणि नेमका याच मॅचमध्ये असा गोल." त्याने चष्मा सारखा केला. "आणि सर, गोल झाल्यावर ते उजवीकडे काय बघतायत? तिकडे तर कुणीच नाहीये."

खोलीत प्लास्टिकची एक खुर्ची करकरली. कडीने नेहमीचं वाक्य जुळवायला तोंड उघडलं, आणि ते आलंच नाही.

"आज इथेच थांबू," तो म्हणाला.

घरी बायको मटार सोलत होती. तो समोर बसला, एक शेंग घेतली आणि हातातच धरून राहिला.

"सोलायची असते ती," बायको म्हणाली. "काय झालं?"

त्याने सांगितलं. तपासणीतल्या बोटांपासून सोमवारच्या प्रश्नापर्यंत. तेवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे मागचं पुढे, पुढचं मागे होत होतं. बायकोने मधे एकदाही तोडलं नाही. सगळं संपल्यावर तिने दाणे भांड्यात ओतले.

"इतकी वर्षं तुमच्या डाव्या हाताला चालतेय मी," ती म्हणाली. "कुणाची तरी जागा आहे ही, एवढं कळत होतं. कुणाची, ते विचारलं नाही. उद्या सुट्टी आहे ना? जाऊन या."

"जाऊन काय सांगू?"

"गेल्यावर सुचेल. नाही सुचलं तर नुसतं बसून या. बसायला काय सुचावं लागतं?"

कुलूपचा सुतारकामाचा कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. कडी एकदा तिथवर गेला होता, दहा वर्षांपूर्वी. काचेतून त्याची पाठ बघितली आणि परत फिरला. मधल्या काळात दोनदा गाठ पडली, दुसऱ्यांदा त्यांच्या गोलीच्या अंत्यविधीला. दोघे गुडघ्यांविषयी बोलले.

आज तो आत गेला. भिंतीला नवी दारं टेकून उभी होती, जमिनीवर भुशाचा मऊ थर. रंधा मारायचं यंत्र चालू होतं. कुलूप पाठमोरा होता. केस पांढरे, खांदे तेच. डाव्या कानावर पेन्सिल.

कडी वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेला, मग हाक मारली.

कुलूपने यंत्र बंद केलं. बराच वेळ बघितलं. "मला वाटलं, कुणी दाराचं माप घेऊन आलं." मग म्हणाला, "गंज चढला रे तुला."

"आणि तुला वाळवी."

"चालायचंच. लाकडात राहतो." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. "या कानाला काहीतरी काम द्यायला हवं ना."

वहिनींनी चहा आणला. पेला कडीच्या हातात देताना म्हणाल्या, "भाऊजी, जरा मोठ्याने बोला हं. आता उजव्यालाही कमी येतं." कुलूपने त्यांच्याकडे बघितलं तशा त्या म्हणाल्या, "बघता काय? सांगणारच मी. सगळ्या गोष्टी काय तुमच्यासारख्या दाबून ठेवायच्या?" आणि आत गेल्या.

चहा निम्मा झाला. कडी म्हणाला, "त्या दिवशी मी गोलीला सांगितलंच नाही."

"काय?"

त्याला हे मोठ्याने म्हणावं लागलं. "गोलीला! मोठ्याने ओरड म्हणून! तू सांगितलं होतंस. मी विसरलो."

दारावरून जाणाऱ्या एका बाईने वळून बघितलं. कुलूपने एका फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "माहीत आहे. गोलीनेच सांगितलं. पुढच्या वर्षी भेटला, तेव्हा मी विचारलं, मोठ्याने का नाही ओरडलास. माझ्यावरच चिडला. म्हणाला, तूच का नाही मला सांगितलंस?"

"मग तू मला कधी बोलला का नाहीस?"

"तू आलास कुठे?"

तेवढंच बोलला. रागाने नाही, एखादं माप सांगावं तसं. कडीला पेला खाली ठेवायला जागा सापडेना.

"रोज वाट बघत बसलो, असं म्हणणार नाही," कुलूप म्हणाला. "दारं होती, पोरं मोठी व्हायची होती. पण दार बसवून झालं की अजून उजवीकडे बघून विचारतो, सरळ आहे का रे? गिऱ्हाइकाला वाटतं, त्यालाच विचारतोय."

आता न सांगता राहणं शक्य नव्हतं. "मी तो गोल पोरांना दाखवतो. चौदा वर्षं."

"काय सांगतोस?"

"गोलीने हाक मारली, याने ऐकलं नाही."

कुलूप उठला, यंत्र चालू केलं, एक फळी त्यातून काढली, उलटी करून पुन्हा काढली. भुसा उडत राहिला. कडी उभा होता तिथेच उभा राहिला. यंत्र थांबल्यावर कुलूप फळीकडे बघत म्हणाला, "लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"हो."

"हो," कुलूपही म्हणाला.

बाहेर कुणाचीतरी सायकल पडली. कडीने मान वळवली, कुलूपने नाही. मग कडीच्या वळलेल्या मानेकडे बघून त्यानेही तिकडे बघितलं, नऊ वर्षं बघत होता तसं.

"डॉक्टर म्हणतात, वर्षभर. फार तर दीड," कुलूप म्हणाला. "मग हाही बंद. कानाला यंत्र लावलं तरी भरवसा नाही. हिला वाटतं, मी घाबरलोय. घाबरलो नाही. दारं काही बोलत नाहीत माझ्याशी. फक्त एकदा मैदान ऐकायचंय. बघायचं नाही, ते टीव्हीवर दिसतं. ऐकायचंय. डोक्याला चेंडू लागल्याचा ठप्प आवाज, गोलीची हाक. त्या दिवसानंतर पाऊल ठेवलं नाही मी कुठल्या मैदानात."

"गुरुवारी सकाळी सराव आहे. मी न्यायला येतो."

"स्वतः? का कुणाला पाठवशील?"

"स्वतः. आणि पोरांना सगळी फीत दाखवतो. कोण कुठे उभं होतं, कुणी जागा मागितली, कोण विसरलं. तपासणीतली बोटंसुद्धा सांगतो."

"पोरांपुढे तुझी काय पत राहील?"

"जी राहील ती."

कुलूपने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, दार भिंतीत बसेल का बघावं तसं. "सांग मग. पण मी बसलो असेन तिथे, उजव्या अंगाला उभा राहून सांग. आणि मोठ्याने. या वेळी मला ऐकू आलं पाहिजे."

"येतो गुरुवारी," कडी म्हणाला.

"सांगतो, असं म्हणाला होतास मागे."

कुलूप यंत्राकडे वळला आणि खांद्यावरून म्हणाला, "साडेसातला तयार राहीन."

बुधवारी सराव संपल्यावर पोरं बूट झाडत होती. कडीने गोलीला बाजूला घेतलं. लांब हातांचा, मितभाषी पोरगा. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार.

"उद्या हाक मारशील ना, ती जरा मोठ्याने मार."

"किती मोठ्याने, सर?"

"रस्त्यावर ऐकू जाईल इतकी."

"लोक हसतील."

"हसू देत."

गोलीने मान डोलावली. कडी तरीही तिथेच उभा. "विसरू नको," म्हणाला. आणि थोडं पुढे जाऊन परत वळला, पुन्हा एकदा सांगितलं. गोली चष्म्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, सरांना झालंय काय? चष्मा नाडीची गाठ सोडवत होता.

गुरुवारी कडी नेहमीपेक्षा तासभर आधी उठला. गुडघ्यांना तेल चोळलं. बायको पूजा आटोपून आली तर तो दारात बूट घालत बसलेला.

"अहो, साडेसातला ना? इतक्या लवकर?"

"बस चुकली तर."

"चुकली तर दुसरी येते."

"या वेळी नको," तो म्हणाला.

तिने आत जाऊन एक जाड चादर आणली, घडी करून त्याच्या हातात दिली. "मैदानातले बाक ओले असतात सकाळी. त्यांना द्या बसायला."

त्याने चादर काखेत धरली. जिना उतरताना कठड्याला हात लावून सावकाश उतरला. रस्त्यावर अजून वर्दळ नव्हती, पाववाल्याची गाडी तेवढी उभी होती. सगळा फुटपाथ मोकळा होता. तरी कडी त्याच्या उजव्या कडेने चालायला लागला, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.